किल्ली देण्यापूर्वीं

आज ज्या विषयावर मी चार शब्द बोलणार आहें, तो माझ्यासारख्या जुन्या शाळामास्तराच्या तोंडीं कितपत शोभेल, अशी शंका आपल्यापैकीं पुष्कळांना येईल. ज्याचा सारा जन्म खडू, फळा आणि उत्तरपत्रिका यांच्या संगतींत गेला, त्यानें संगणकावरील संकेतस्थळांच्या सुरक्षिततेविषयीं लोकांस सांगावें, हें थोडें विपरीतच दिसतें. शंका रास्त आहे. परंतु रस्त्यांत खड्डा कोठें आहे हें सांगण्याचा अधिकार जसा इंजिनियरास असतो, तसाच तो त्या खड्ड्यांत पडलेल्या वाटसरूसहि असतो. आणि मी हा असा पडलेला वाटसरू आहें. म्हणून माझें बोलणें उपदेश न समजतां अनुभव समजावें, एवढीच प्रारंभीं विनंति.

हकीकत अशी. मी नोकरींतून निवृत्त झाल्यावर कांहीं माजी विद्यार्थ्यांनीं एकत्र येऊन चाळीसगांव व भोंवतालच्या खेड्यांतील होतकरू परंतु गरीब मुलांसाठीं एक लहानसा साहाय्यनिधि उभारला. वह्या, पुस्तकें, परीक्षेची फी, क्वचित् एस. टी.चा पास, असें त्या साहाय्याचें स्वरूप. अर्जासाठीं आईबापांना मजुरी बुडवून गांवांत खेपा घालाव्या लागूं नयेत, म्हणून निधीचें एक संकेतस्थळ करण्यांत आलें, आणि रिकामा माणूस म्हणून त्याची देखरेख माझ्याकडे आली. तें काम मी हौसेनें शिकलों. पुढें अर्जासोबत गुणपत्रिकेचें छायाचित्र पाठविण्याची सोय हवी झाली. ती सोय ज्या जोडभागानें होत होती, त्यास वर्षाला दोन हजारांवर रुपये पडत. माझ्या ओळखीचा एक तरुण म्हणाला, "गुरुजी, निधीचे पैसे कशाला घालवतां? तोच जोडभाग मी तुम्हांला फुकट आणून देतों." त्यानें आणून दिला, मीं बसविला, आणि त्या वर्षींच्या जमाखर्चांत बचतीच्या सदराखालीं तो आंकडा मोठ्या समाधानानें लिहिला.

दोनएक महिने सुखाचे गेले. मग नाशिकहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "गुरुजी, निधीचें पान उघडावें तर जुगाराची जाहिरात पुढें येते." मीं तत्काळ माझ्या संगणकावर पाहिलें, सर्व यथास्थित. पत्ता चुकीचा लिहिला असशील, असें मीं त्यालाच सुनावलें. आठ दिवसांत आणखी दोघांनीं तेंच सांगितलें, व मीं त्यांसहि तेंच सुनावलें. शिक्षकाची ही खोड जात नाहीं. पुढें उलगडा झाला तो असा कीं, आंत शिरलेली ही वस्तु मोठी चतुर होती. जो व्यवस्थापक म्हणून प्रवेश करी, त्याला ती आपलें तोंड दाखवीत नसे. जो शोधयंत्रांतून आणि मोबाइलवरून येई, त्यालाच ती भलतीकडे नेई. रखवालदार जागा होता. चोर फक्त त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हता.

आणि एके सायंकाळीं एका बाईंचा फोन आला. शेतांत मजुरी करून मुलाला शिकविणारी ती माउली. ती म्हणाली, "गुरुजी, तुमच्या माणसाला पंधराशे रुपये पाठविले. पोराचे पैसे कधीं येतील?" कोणीतरी तिला निधीच्या नांवानें फोन केला होता. त्यानें तिचें नांव घेतलें, मुलाचें नांव घेतलें, इयत्ता सांगितली, गणितांत किती गुण पडले तें सुद्धां सांगितलें, आणि 'नोंदणी'साठीं पैसे मागितले. तिला संशय यावा तरी कसा? ही सर्व माहिती तिनें आमच्याच अर्जांत भरून दिली होती.

त्याच रात्रीं संकेतस्थळ बंद केलें. जाणत्या मनुष्याकडून तपासणी करविली, तेव्हां त्या फुकटच्या जोडभागांत मूळ कर्त्यानें न लिहिलेला असा मजकूर निघाला, आणि व्यवस्थापकांच्या यादींत माझ्याशिवाय आणखी एक अनोळखी नांव निघालें. अर्ज नेमके कोणीं आणि केव्हां वाचले, हें सिद्ध करणें माझ्या आवांक्याबाहेरचें होतें. परंतु दार कोणीं उघडें टाकलें, याविषयीं शंकेला जागा नव्हती. तें मीं टाकलें होतें.

पंधराशे रुपये मीं पेन्शनींतून परत केले; तें सोपें होतें. त्यापुढचें काम कठीण. प्रत्येक अर्जदाराच्या घरीं फोन करून, आपली माहिती आमच्याकडून फुटली असावी, निधीच्या नांवानें कोणीं पैसे मागितल्यास देऊं नका, असें सांगावें लागलें. त्यांत तीन दिवस गेले. एका बापानें माझें सर्व ऐकून घेतलें, थोडा वेळ स्तब्ध राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, पुढच्या वर्षीं अर्ज कागदावरच घ्या." त्याच्या स्वरांत राग नव्हता. राग असता तर मला बरें वाटलें असतें.

आतां हा जोडभाग म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. प्लगइन या नांवानें तो आपल्याकडेहि ओळखला जातो. लहानमोठीं पुष्कळ संकेतस्थळें वर्डप्रेस नांवाच्या प्रणालीवर उभीं असतात. ही प्रणाली २००३ सालीं निघाली, ती सर्वांस विनामूल्य मोकळी आहे, आणि जगांतील दर शंभर संकेतस्थळांपैकीं चाळिसांहून अधिक संकेतस्थळें तिच्यावर चालतात. आमच्या गांवाच्या नांवांतच चाळीस असल्यामुळें हा आंकडा माझ्या चटकन् ध्यानांत राहिला. मूळ प्रणाली साधी ठेवलेली असते. अर्ज घेणें, देणगी स्वीकारणें, छायाचित्रें मांडणें, दुकान चालविणें, अशीं निरनिराळीं कामें करण्यासाठीं तिला निरनिराळे जोडभाग जोडावे लागतात. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारांतच असे पन्नास हजारांहून अधिक जोडभाग विनामूल्य मिळतात. एक कळ दाबली कीं जोडभाग बसतो. आणि जें इतकें सुलभ, त्याविषयीं मनुष्य फारसा विचार करीत नाहीं.

येथें एक गोष्ट मुळांतच समजून घेतली पाहिजे. वाड्यांत भाडेकरू ठेवतांना आपण त्याला एक खोली देतों. देवघर, कोठी आणि तिजोरी यांच्या किल्ल्या आपल्या कमरेलाच राहतात. जोडभागाचें तसें नाहीं. वर्डप्रेसमध्यें जोडभागांसाठीं वेगळी भिंत घातलेली नसते. एकदां तो बसला कीं मूळ प्रणालीला जितका अधिकार, तितकाच त्यालाहि. आलेल्या वाचकांची संख्या मोजणारा एखादा क्षुल्लक जोडभाग सुद्धां, त्याच्या कर्त्याच्या मनांत आल्यास, अर्जांची सगळी कोठी वाचूं शकतो, नवा व्यवस्थापक नेमूं शकतो, आणि पानावर वाटेल तें लिहूं शकतो. म्हणून जोडभाग बसविणें म्हणजे भाडेकरू ठेवणें नव्हे. वाड्याच्या सर्व किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्याच्या हातीं देणें होय. तो देण्यापूर्वीं कांहीं प्रश्न विचारणें हा संशयखोरपणा नसून साधें कर्तव्य आहे. ते प्रश्न मीं आतां एका वहींत लिहून ठेवले आहेत. तेच आपणांपुढें ठेवतों.

पहिला प्रश्न असा कीं, हा जोडभाग खरोखर हवा आहे काय? पुष्कळ जोडभाग हे हौसेखातर येतात. पानावर घड्याळ हवें, पडणारा बर्फ हवा, पाहुण्यांची संख्या हवी. चाळीसगांवच्या उन्हाळ्यांत बर्फ पडलेला पाहून कोणाचें काय कल्याण होणार आहे, तें मला कळत नाहीं. जें काम मूळ प्रणालींत किंवा आधींच बसविलेल्या जोडभागांत होतें, त्यासाठीं नवा आणूं नये. न बसविलेल्या जोडभागांतून आजवर एकहि चोर शिरलेला नाहीं.

दुसरा प्रश्न, तो कोठून आणावा? आमच्या खानदेशांत कपाशीचें बियाणें घेतांना शहाणा शेतकरी सुटें बियाणें घेत नाहीं. पिशवी सीलबंद आहे ना, तिच्यावर लॉटचा क्रमांक आणि मुदत छापली आहे ना, हें तो पाहतो, व दुकानदाराकडून पक्की पावती मागून घेतो. कारण बियाणें खोटें निघालें तर तें ऐन हंगामांत कळतें, आणि गेलेला हंगाम परत येत नाहीं. जोडभागाचेंहि तसेंच. तो अधिकृत भांडारांतून किंवा प्रत्यक्ष कर्त्याकडूनच घ्यावा. विकत मिळणाऱ्या जोडभागाचें कुलूप मोडून फुकट वांटलेल्या प्रतींस त्या बाजारांत 'नल्ड' असें म्हणतात. त्या फुकट वांटणाऱ्याला त्यांत काय मिळतें, हा साधा प्रश्न मीं माझ्या तरुण मित्रास विचारला नाहीं, आणि त्यानेंहि तो स्वतःस विचारला नसावा. अशा प्रतींतून पसरणारी डब्ल्यूपी-व्हीसीडी नांवाची एक उपाधि तर या क्षेत्रांत कित्येक वर्षें कुप्रसिद्ध आहे.

अधिकृत भांडार आणि कर्त्याचें स्वतःचें दुकान यांतहि कधीं अंतर पडतें. नेपाळांतील अ‍ॅक्सेसप्रेस थीम्स या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर २०२१ च्या सप्टेंबरांत कोणी शिरला आणि तेथें ठेवलेल्या डझनावारी जोडभागांत त्यानें चोरवाट घालून ठेवली. ही गोष्ट जानेवारी २०२२ मध्यें उघडकीस आली. त्याच जोडभागांच्या वर्डप्रेसच्या भांडारांतील प्रती मात्र निर्दोष होत्या. माल तोच, कर्ता तोच. एका दुकानांतला स्वच्छ आणि दुसऱ्यांतला भेसळीचा. तेव्हां दोन्हीकडे मिळत असेल तर भांडारांतलाच घ्यावा, हें बरें.

तिसरा प्रश्न कर्त्याविषयींचा. तो कोण आहे, आणि तो आपल्या कामावर आज हजर आहे काय? भांडारांत प्रत्येक जोडभागाच्या पानावर त्याची शेवटची सुधारणा केव्हां झाली, वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत त्याची चाचणी झाली आणि तो सुमारें किती संकेतस्थळांवर चालूं आहे, हें दिलेलें असतें. दोन-दोन वर्षें ज्याला कोणी हात लावला नाहीं, तो जोडभाग म्हणजे मालक परगांवीं गेलेलें घर समजावें. प्रत्येक आवृत्तींत काय बदललें याची टांचणेंहि तेथें असतात; तीं वाचावीं. वाचकांनीं दिलेल्या तारका मोजण्यापेक्षां, ज्यांनीं एकच तारका दिली त्यांची तक्रार काय आहे, आणि कर्त्यानें त्यांस उत्तर दिलें कीं नाहीं, तें पाहावें. विद्यार्थ्याचे पहिल्या क्रमांकाचे गुण पाहून फारसें कळत नाहीं. तो जेथें चुकला ती उत्तरपत्रिका पाहिली म्हणजे पुष्कळ कळतें.

या प्रश्नाला एक पोटप्रश्न आहे. कर्ता अलीकडे बदलला आहे काय? २०१७ सालीं डिस्प्ले विजेट्स नांवाचा एक जोडभाग त्याच्या मूळ कर्त्यानें दुसऱ्यास विकला. तो त्या वेळीं सुमारें दोन लाख संकेतस्थळांवर चालूं होता. नव्या मालकानें सुधारणेच्या नांवाखालीं त्यांत चोरवाट घातली, आणि त्या वाटेनें लोकांच्या पानांवर परस्पर जाहिराती छापूं लागला. त्याहि जाहिराती, आंत प्रवेश केलेल्या व्यवस्थापकाला दिसत नसत. हें मीं वाचलें तेव्हां नाशिकच्या त्या विद्यार्थ्याची मनांतल्या मनांत क्षमा मागितली. भांडाराच्या चालकांनीं तो जोडभाग पुनःपुन्हां काढला व शेवटीं सप्टेंबर २०१७ मध्यें कायमचा बंद केला. यावरून दिसतें कीं, वर्षानुवर्षें मिळविलेली पत ही विकतां येणारी वस्तु आहे. दुकानाची पाटी तीच राहते, गल्ल्यावरचा माणूस बदलतो.

चौथा प्रश्न पूर्वेतिहासाचा. या जोडभागांत पूर्वीं कांहीं छिद्रें सांपडलीं होतीं काय, आणि सांपडल्यावर काय झालें? अशा छिद्रांना क्रमांक देऊन त्यांची सार्वजनिक यादी ठेवण्याची पद्धति, जिला सीव्हीई म्हणतात, १९९९ पासून चालूं आहे. आणि केवळ वर्डप्रेसपुरत्या याद्या वर्डफेन्स, पॅचस्टॅक, डब्ल्यूपीस्कॅन यांनीं ठेवल्या आहेत. जोडभागाचें नांव घालून शोधलें कीं त्याचें प्रगतिपुस्तक पुढें येतें. परंतु हें प्रगतिपुस्तक वाचण्याची एक रीत आहे. ज्याच्या नांवावर एकहि छिद्र नाहीं, तो निर्दोष असेलच असें नाहीं. त्याची परीक्षाच कोणीं घेतली नसेल. पाहावयाचें तें हें कीं, चूक निघाल्यावर कर्ता कसा वागला.

याचें एक उदाहरण आपल्या पुण्याचेंच आहे. ब्रेनस्टॉर्म फोर्स ही तेथील संस्था. तिचे जोडभाग जगभर चालतात. डिसेंबर २०१९ मध्यें तिच्या 'अल्टिमेट अ‍ॅडऑन्स' या मालेंतील दोन जोडभागांत एक गंभीर छिद्र सांपडलें. गुगलच्या किंवा फेसबुकच्या खात्यावरून प्रवेश देण्याची जी सोय त्यांत होती, तींत येणारा मनुष्य खरा कीं तोतया, याची नीट शहानिशा होत नव्हती. व्यवस्थापकाचा ईमेलचा पत्ता ठाऊक असला तर कोणीहि परवलीच्या शब्दावांचून व्यवस्थापक म्हणून आंत जाऊं शकत असे. मालकेअर या संरक्षण-प्रणालीच्या मंडळींनीं तें पुण्यास कळविलें, आणि अवघ्या सात तासांत दुरुस्त आवृत्ति बाहेर आली. कळवितांच ऐकलें, लपविलें नाहीं, तत्काळ दुरुस्त केलें. ही वागणूक मला निर्दोषतेच्या बढाईपेक्षां अधिक मोलाची वाटते.

तथापि, यावरून त्या मालेंत पुढें कधींच चूक निघाली नाहीं, असें समजूं नये. मे २०२० मध्यें एलिमेंटर प्रो या परदेशी जोडभागांतील एका छिद्राचा फायदा हल्लेखोर घेऊं लागले. त्या छिद्रांतून शिरण्यासाठीं संकेतस्थळावर साधें सभासदत्व असणें आवश्यक होतें. जेथें सभासदांची नोंदणी बंद होती, तेथें तें मिळविण्याचें काम याच पुण्याच्या मालेंतील दुसऱ्या एका उणिवेनें होत असे. एकानें फाटक उघडून द्यावें आणि दुसऱ्यानें दिवाणखान्याचें दार, असा तो प्रकार. दोन्ही कर्त्यांनीं दुरुस्त्या काढल्या. आपण घ्यावयाचा धडा असा कीं, जोडभाग जितके अधिक, तितक्या त्यांच्या जोड्या अधिक. आणि एकट्यानें निरुपद्रवी असणारें छिद्र दुसऱ्याच्या संगतींत घातक ठरतें.

पांचवा प्रश्न, तो काय काय करूं पाहतो? ज्या जोडभागाकडून फाइली घेतल्या जातात, सभासदांची नोंदणी होते किंवा पैशांचा व्यवहार होतो, त्याची परीक्षा दुप्पट कडक असावी. फाइल मॅनेजर नांवाचा जोडभाग २०२० सालीं सुमारें सात लाख संकेतस्थळांवर होता. त्याच्या कर्त्यानें दुसऱ्याची एक तयार सामग्री त्यांत वापरली होती. त्या सामग्रींत केवळ नमुन्यादाखल ठेवलेली एक फाइल होती, आणि तिचें नांव बदलल्यामुळें ती चालूं स्थितींत राहिली. तिच्यापुढें पहारा नव्हता. कोणींहि बाहेरून यावें आणि आपल्या फाइली आंत टाकाव्या, अशी मोकळीक झाली. १ सप्टेंबर २०२० रोजीं दुरुस्ती आली, परंतु हल्ले त्यापूर्वींच सुरू झाले होते. कर्त्याचा हेतु वाईट नव्हता. परंतु हेतु चांगला असल्यानें उघडें दार बंद होत नाहीं. तसेंच, जोडभाग आपली माहिती दुसऱ्या कोणत्या ठिकाणीं पाठवितो काय, तें त्याच्या वर्णनांत पाहावें. फोन क्रमांक आणि मुलांचे गुण परदेशांतील एखाद्या यंत्रावर जाणार असतील, तर त्या आईबापांस तसें आधीं सांगितलें पाहिजे.

सहावा आणि शेवटचा प्रश्न, चाचणी कोठें घ्यावी? बैल घेणारा मनुष्य दांत पाहतो, चालवून पाहतो, आणि मगच इसार देतो. थेट भरल्या गाडीला कोणी जुंपीत नाहीं. संकेतस्थळाची एक वेगळी प्रत करून, तींत खऱ्या मुलांचीं नांवें न ठेवतां, जोडभाग आधीं तेथें बसवावा आणि चार दिवस पाहावें. व्यवस्थापकांच्या यादींत नवें नांव आलें काय? न मागितलेल्या फाइली दिसतात काय? प्रवेश न करतां, मोबाइलवरून, शोधयंत्रांतून येऊन पान कसें दिसतें? हा शेवटचा प्रयोग मीं त्या वेळीं केला असता, तर तीन विद्यार्थ्यांना खोटें ठरविण्याचें पाप टळलें असतें. आणि मुख्य संकेतस्थळावर हात घालण्यापूर्वीं त्याची संपूर्ण प्रत दुसऱ्या ठिकाणीं काढून ठेवावी. ती प्रत परत बसवितां येते, याचीहि एकदां खात्री करून घ्यावी. न उघडणारी छत्री पावसाळ्यांत जवळ असून उपयोग नाहीं.

आतां एक अडचण आहे, ती मी लपवून ठेवीत नाहीं. जाणते सांगतात कीं, जोडभागाच्या सुधारणा आपोआप बसूं द्याव्या. कारण छिद्राची बातमी फुटल्यावर हल्लेखोर कांहीं तासांतच कामाला लागतात, आणि आपण निवांत रविवारीं सवड काढेपर्यंत ते थांबत नाहींत. परंतु डिस्प्ले विजेट्सचें विष सुधारणेच्या वाटेनेंच आलें होतें. जून २०२४ मध्यें तर अधिकृत भांडारांतील कांहीं जोडभागांत असेंच घडलें. त्यांच्या कर्त्यांनीं इतरत्र फुटलेले परवलीचे शब्दच तेथेंहि वापरले होते. त्यांच्या खात्यांत शिरून दुसऱ्यांनीं दूषित आवृत्ति प्रसिद्ध केल्या, आणि त्या बसवितांच गुप्त व्यवस्थापक नेमले गेले. यानंतर १ ऑक्टोबर २०२४ पासून भांडारांत जोडभाग ठेवणाऱ्या कर्त्यांना दुहेरी खुणेनेंच प्रवेश करण्याचा नियम झाला. तेव्हां सुधारणा घ्यावी तरी धोका, न घ्यावी तरी धोका.

मग करावें काय? पुष्कळ विचार करून मी या मतास आलों आहें कीं, माझ्यासारख्या एकट्या रखवालदारानें सुधारणा आपोआपच घ्याव्या. दूषित सुधारणा हा क्वचित् येणारा धोका आहे. उघडें पडलेलें जुनें छिद्र हा रोजचा. मात्र ज्यांच्या सुधारणा डोळे मिटून घ्यावयाच्या, ते जोडभाग मोजके आणि डोळे उघडून निवडलेले असावे. रोजची प्रत बाहेर ठेवावी, आणि आठवड्यांतून एकदां व्यवस्थापकांची यादी वाचावी. जो जोडभाग वापरांत नाहीं, तो नुसता बंद करून ठेवूं नये, काढून टाकावा. कारण बंद केला तरी त्याच्या फाइली तेथेंच राहतात, व बाहेरून त्यांच्यापर्यंत हात पोंचूं शकतो. स्वतः व्यवस्थापकानेंहि परवलीचा शब्द आणि मोबाइलवरील खूण अशा दुहेरी कुलपानेंच आंत जावें.

इतकें करूनहि घात झालाच, तर लाजेनें गप्प बसूं नये. माझ्या हातून झालेली दुसरी चूक ती होती. पहिल्या फोनपासून संकेतस्थळ बंद करीपर्यंत जे दिवस गेले, ते माझ्या अहंकारानें खाल्ले. संकेतस्थळ तत्काळ बंद करावें, परवलीचे सर्व शब्द बदलावे, ज्यांची माहिती आपणांपाशीं होती त्यांस स्वतः कळवावें, आणि पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. तेथें वेळेला मोल आहे. संगणकावरील अशा संकटांसाठीं सर्ट-इन ही भारत सरकारची संस्था २००४ पासून काम करीत आहे. तिच्या सूचना सर्वांस वाचावयास मिळतात.

श्रोतेहो, आमच्या चाळीसगांवाजवळ पाटण येथें पाटणादेवीचें स्थान आहे. तेथें तेराव्या शतकाच्या आरंभींचा एक शिलालेख सांपडला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला, आणि त्या मठास कोणीं काय दिलें, याची नोंद त्या लेखांत आहे. विद्येसाठीं मिळालेलें धन दगडावर लिहून ठेवण्याची ही रीत आमच्या भूमींत आठशें वर्षांची जुनी. मीं त्यावरून एवढेंच घेतलें कीं, निधीच्या वहींत आतां एक नवें पान आहे. कोणता जोडभाग, कोठून घेतला, कोणीं बसविला, कोणत्या तारखेस, कशासाठीं, आणि शेवटचा केव्हां तपासला. त्या पानावर आज चारच ओळी आहेत. पूर्वीं असें पान असतें तर त्यावर सतरा भरल्या असत्या. अर्जाचा जोडभाग आतां रीतसर विकत घेतलेला आहे, व त्याचे रुपये खर्चाच्या सदरांत लिहितांना मला मुळींच वाईट वाटत नाहीं.

त्या बापाचें म्हणणें आम्हीं मानलें. पुढच्या वर्षीं अर्ज कागदावर घेतले, आणि ते घेण्यासाठीं आम्ही खेड्यांत गेलों; त्यांनीं गांवांत खेपा घालण्याऐवजीं आम्ही घातल्या. त्यानंतरच्या वर्षीं संकेतस्थळ पुन्हां सुरू केलें. ज्यांना कागदच बरा वाटतो, त्यांच्यासाठीं कागद अद्याप आहे. त्या माउलीनें मात्र यंदां मुलाकरवीं मोबाइलवरूनच अर्ज भरला. अर्ज माझ्यापुढें आला तेव्हां त्यावरचें तिचें नांव मीं दोनदां वाचलें. तिनें मला पुन्हां किल्ली दिली होती. ती दुसऱ्या कोणाच्या हातीं देण्यापूर्वीं मीं काय काय पाहावें, तें आतां माझ्या वहींत लिहिलेलें आहे. आणि आपणांपैकीं ज्यांच्या हातीं अशी एखादी किल्ली असेल, त्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून आज तें वाचून दाखविलें.